काचंतली बिमारी अन् मायचा दहीभात

ज्याच्या हाडात पू झालाय त्यानं हे ऐकावं. ज्याच्या झाला न्हाई त्यानं बी ऐकावं, मूर्ख मानसाचं काय होतं ते फुकटात कळंल. मला लिहिता येत न्हाई. मी बोलायलोय अन् सून लिहायलीय. मधी मधी ती हसती, तवा एखादं अक्षर वाकडं पडलं आसंल तर तिला बोल लावा. मला लावायला पुढं लय जागा हाय.

नक्कल

दुष्काळाचं साल होतं. आमचं गाव चुडाव्याच्या टेसनाच्या अलीकडं. विहिरीत उतरून वाटीनं पानी खरडायचे दिवस. रानात काम न्हाई, म्हनून सगळं गाव सरकारी सडकेवर खडी फोडायला. मी बी. पन खडी कमी अन् तोंड जास्ती, असा मी कामगार.

मुकादम आमचा पोट पुढं काढून चालायचा, काखंत छत्री, अन् दर ढिगापाशी थांबून "मोजमाप कुटाय, मोजमाप?" म्हनून वरडायचा. भाकरीच्या सुट्टीत मी त्याची नक्कल करायचो. घमेलं टोपीवानी डोक्यावर, हातोडा छत्रीवानी काखंत. बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. त्या हसल्या की मला वाटायचं, ह्या दुष्काळात पाऊस पाडनारा मीच एकटा.

त्या दिशी मुकादम खराच मागून आला. बाया गप झाल्या. शहान्या मानसाला कळलं आसतं. मला वाटलं नक्कल फिकी पडली, म्हनून मी ज्यादा जोर लावला. ढिगावर चढलो, पोट पुढं काढलं, "मोजमाप कुटाय" म्हनलं, अन् ढीग सरकला. नडगीत खडीची एक कपची खोल घुसली. मी बोंबललो तर समदे पुन्हा हसले, त्यायला वाटलं नक्कलच चालू हाय. मुकादम बी हसला. त्याला हसवायची मही लय दिवसाची हौस अशी फिटली.

सुईवाला

बायकोनं कपची उपसली, हळद भरली, चिंधी बांधली. तितंच थांबलो आसतो तरी चाललं आसतं. पन कामावर सेलूकडचा एक कंपाउंडर सायकलवर यायचा. कंपाउंडर म्हनजे काय, एका डॉक्टराच्या दुकानात बाटल्या धुवायचा. सायकलला पेटी, पेटीत एक सुई, अन् औषध एकच, पेनिसिलिन. ताप आला, पेनिसिलिन. पोट दुखलं, पेनिसिलिन. बाळंतिनीला तेच, बैलाच्या खांद्याला बी तेच. सुई बी तीच, फक्त बैलाच्या टायमाला जरा जोरात.

मी सुई घेतली. ठनका थांबला. मी लगेच बरा! दुसऱ्या दिशी घमेलं डोक्यावर. आठवडाभरानं पुन्हा सुजलं, पुन्हा एक सुई, पुन्हा बरा. असं किती येळा झालं ते कंपाउंडरला म्हाईत, अन् त्याला बी म्हाईत नसंल, तो तर बैल अन् मानसं एकातच धरायचा.

बायको म्हनायची, "आवं, पाय लाल झालाय."

"लाज वाटायलीय त्याला," मी म्हनायचो.

"तुमाला कवा वाटंल?"

पुढं मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीन बाईनं मला सांगितलं, "तुम्ही दर वेळी थोडं औषध घेतलंत, कच्चे जंतू मारले आणि पक्के ठेवले. राहिले ते पैलवान." म्हनजे बघा, लोकं कोंबड्या पाळतेत, कोनी शेळ्या पाळतंय. म्या हाडात पैलवान पाळले. अन् त्यायचा खुराक म्हंजे मीच.

बाजार

तापानं बडबडायला लागलो तवा मायनं बैलगाडीत घातलं. माय म्हंजे मही आई, नव्वारी गुडघ्यावर अन् आवाज शिवंपल्याड जानारा. चुडाव्याला मनमाडकडची पॅसेंजर धरली. तालुक्याच्या दवाखान्यानं जिल्ह्याला ढकललं, जिल्ह्यानं मोठ्या शहरातल्या कॉलेजच्या दवाखान्याला. सेलू आलं तवा मायनं खिडकीतून बोट दाखवलं, "बघ, तुह्या त्या सुईवाल्याचं गाव." मी तापात बी मान फिरवली. अपमान कळत होता मला, बाकी काई कळत नव्हतं.

निदानाचा दिवस म्हंजे सेलूचा बैलबाजारच. मोठा सर्जन आला, मागं दहा-बारा पोरं पांढऱ्या कोटात. सगळे मह्या पायाभवती उभे, मह्या तोंडाकडं कोनी बघंना. सर्जन इंग्रजीत बोलायचा, पोरं मान हालवायची. एकानं नडगी दाबली. मी वरडलो तर तो खूश झाला, वहीत लिहून घेतलं. मला वाटलं आता तोंड उघडून दात बी मोजतेत.

मी म्हनलं, "सायेब, शिंगं बी बघा, रंगवलेली हायेत."

कोनी हसलं न्हाई. जिंदगीत पहिल्यांदा कळलं की मही गंमत फक्त उपाशी मानसायला कळती.

सर्जन मराठीत म्हनला, "हाडात पू आहे. हाड उघडून काढावा लागेल."

"अन् मंग?"

"मग बघू."

'बघू' ह्या शबदाला मी तवापासून भेतो. दुसऱ्या दिशी भूल देऊन त्यायनं हाडाला भोक पाडलं, आतला पू काढला, थोडा कापसाच्या बोळ्यावर एका काचंच्या नळीत घालून कुटंतरी पाठवला. पन ताप उतरंना, नडगीतून पू यायचा थांबंना. अन् रोज सकाळ-संध्याकाळ पेनिसिलिन टोचायचे. मी सांगितलं, "बाई, हे औषध मह्या घरचं मानूस हाय, ह्याला जंतू भेत न्हाईत." नर्स म्हनली, "पालथे पडा." पालथा पडलो. आजारी मानसाची अक्कल दवाखान्यात कोनी चपलंबरुबर बाहेर ठेवून घेतंय काय की.

वार्ड

वार्डाचं रोजचं सांगतो, नव्या जानाऱ्याला उपेगी पडंल.

सकाळी झाडूवाली येती अन् तुमच्या खाटंखालच्या मायला उठवती. मंग पाव अन् पातळ दूध. मंग ड्रेसिंगवाला. हा मानूस कुटल्या जन्मी कोंबड्या सोलायचा कोन जाने. चिकटलेली पट्टी भिजवून काढायची असती, हा वाळलेलीच ओढायचा, अन् वरून "झालं झालं" म्हनायचा. झालेलं काईच नसायचं. ज्याची पट्टी व्हायची त्यानं अगोदर तांब्याभर पानी मागून आपलं आपन भिजवून ठेवावं. हे मला वाघमारे मास्तरनं शिकवलं.

वाघमारे मास्तर शेजारच्या खाटंवर. सोनपेठकडच्या शाळेत मास्तर, मांडीचं हाड मोडून पाय वजनाला टांगलेला. उशाशी बाबासाहेबाचा फोटो, हातात रोज पेपर. मला वाचून दाखवायचे. मी मधी बोललो की पेपर खाली.

"लखू, तू गप्प राहिलास तर निम्मा वार्ड बरा होईल."

"अन् उरलेला निम्मा, मास्तर?"

"तो तुझं बोलणं ऐकू येत नाही म्हणून अगोदरच बरा आहे."

ह्या मानसानं मला आपल्या वाटचं उकडलेलं अंडं रोज दिलं. देताना दर येळी म्हनायचे, "मला वास सहन होत नाही." वास कशाचा सहन होत नव्हता, मह्या पायाचा का अंड्याचा, ते म्या कधी इचारलं न्हाई. खाल्लं.

बाकी सोयरे यायचे. सोयरे महं तोंड बघायला येत नसतेत, पाय बघायला येतेत. चादर वर करून बघायची, नाक दाबायचं, अन् मंग सल्ला. एक मामा तर म्हनला, "कापून टाका. आमच्या साडूचा कापला, आता बसून खातो." त्याच्या साडूला बसून खायला अगोदर पायाची गरज नव्हती, जमीन होती. मामानं मही केळी खाल्ली अन् गाडी गाठली. असल्या मानसायला दवाखान्याच्या दाराशीच एक एक पेनिसिलिन टोचाया पाहिजे.

काचवाल्या बाई

त्या सगळ्या गर्दीत एकच मानूस मह्या तोंडाकडं बघून बोललं. पू तपासायच्या खोलीतली डॉक्टरीन. आमी त्यायला काचवाल्या बाई म्हनायचो, कारन हातात कायम एक काचंची बशी न्हाई तर नळी. खोली वार्डाच्या टोकाला, डाव्या हाताला. त्या आल्या अन् पहिलं काय इचारलं?

"नाव काय तुमचं?"

मी असा बावरलो की नाव सांगायला वाघमारे मास्तरकडं बघितलं.

त्यायनं मह्या पुवातले जंतू एका बशीत वाढवले होते. बशीत त्यायचं खानं, वर औषधाच्या कागदी टिकल्या. ज्या औषधाला जंतू भेतो त्या टिकलीभवती मोकळं रिंगन पडतं. ज्याला भेत न्हाई तिथं तो टिकलीला खेटून बसतो.

"तुमच्या जंतूनं पेनिसिलिनच्या टिकलीला टेकून संसार मांडलाय," बाई म्हनल्या. "दुर्बिणीतून द्राक्षाच्या घडासारखा दिसतो."

मी म्हनलं, "बाई, म्या आजून द्राक्ष चाखलं न्हाई, अन् मह्या नडगीत मळा?"

त्या हसल्या. मला लय बरं वाटलं. असं कुनी हसलं की मी सुधारायचं सोडून चढतो, हीच मही खरी बिमारी.

पन पुढं जे बोलल्या ते हसायचं नव्हतं. सर्जननं ठरवलं होतं, ताप असाच राहिला तर येत्या गुरुवारी गुडघ्याखाली पाय काढायचा. न्हाईतर पू रगतात जाईल अन् मानूस जाईल. बाईनं त्यायला म्हनलं होतं, आमच्याकडं दोन-तीन नवी औषधं आलीत, हाडातल्या जंतूवर लावून बघते, मंग ठरवा. सर्जन म्हनला, गुरुवारपर्यंत बघा.

बायको

मंगळवारी बायको आली. पोरं शेजारनीकडं ठेवून, कामाची हजेरी बुडवून. मला वाटलं रडंल. उलटं, खाटंपाशी उभी राहून पायाकडं असं बघितलं जसं फुटक्या घागरीकडं बघतेत.

"कापनार म्हनं?"

"गुरुवारी. बाईनं काई शोधलं तर न्हाई."

"म्या मुकादमाला इचारलं. एका पायाचं मानूस कामावर घेतेत का म्हनून."

"अन्?"

"म्हनला, बसून खडी फोडता येती. पन घमेलं कोन उचलंल? हजेरी न्हाई लागायची."

वाघमारे मास्तरनं पेपर तोंडापुढं धरला. पेपर उलटा होता.

मी म्हनलं, "घरी बसून पोरं संभाळीन."

"तुमाला कोन संभाळनार?" ती बोलली, अन् मंग आवाज खाली गेला. "मह्या एकटीच्या खडीवर पाच तोंडं न्हाई चालत. नकल्या हायेस ना? मंग कर आता एका पायाची नक्कल. बघू कोन हसतंय."

'आवं' वरून ती 'नकल्या'वर आली. अन् गेली बी लगेच, गाडी होती तिची. मी पहिल्यांदा भेलो ते तवा. मरायला मी भेलो नव्हतो, मरायला अक्कल लागत न्हाई. जित्या घराला ओझं होऊन पडायला भेलो.

दहीभात

आता मुख्य गाढवपना.

भेलेला मानूस बढाई मारतो. मायनं इचारलं, "काय करायलीय ती बाई?" मी म्हनलं, "माय, मही बिमारी त्यायनं काचंत ठेवलीय. तिला खायला घालतेत, उबंला ठेवतेत, रोज बघतेत. मह्यापक्षा तिचीच बडदास्त जास्ती."

माय उठून बसली. "खायला घालतेत?"

"व्हय. खास खानं. मला पातळ दूध, तिला खास."

"अन् इतं ठेवलीय? वार्डातच?"

"डाव्या हाताची खोली."

मायचं तोंड उतरलं. आमच्याकडं रोग म्हंजे बाई. माता आली, पटकी आली, तिला हाकलायचं नसतं. हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा, हात जोडून म्हनायचं, आलीस तशी जा, अन् शिवंबाहेर नेऊन घालायचं. घरात ठेवून रोज खायला घातलं तर ती जाईल कशाला? मायला सगळं एकदम कळलं. तिच्या हिशोबानं पोरगं बरं होईना ह्याचं कारन डाव्या हाताच्या खोलीत मुक्कामाला होतं.

ती म्हनली, "निवद दाखवून येती."

इतं मी म्हनायला पाहिजे होतं, बस गप. मी काय म्हनलं? "जा. मह्याकडून बी एक चिमूट कुंकू वाहा."

गंमत केली. मह्या मायनं जन्मात मही गंमत कधी ओळखली न्हाई, हे मला म्हाईत होतं, तरी केली. दवाखान्यामागं बाया चुली मांडायच्या, तिथं तिनं भात शिजवला, कुनाकडून तरी दही मागून आनलं. दुपारी खोलीतला मानूस चहाला गेला अन् माय आत.

मेजावर बशा अन् नळ्या मांडलेल्या. तिला वाचता येत न्हाई, मही कंची ते कळंना. म्हातारी न्यायाची. तिनं समद्याची झाकनं काढली. समद्यायला हळदकुंकू. समद्यायला दहीभाताचं शित. नळ्यायला कापसाचा बोळा होता, तो काढून आत एक एक शित सोडलं. कोनी रुसायला नको म्हनून.

अन् आली ती तोंडभर हसत. "झालं रे बाबा. सांगितलं तिला, आलीस तशी जा म्हनून."

विरजन

थोड्या येळानं काचवाल्या बाई आल्या. हातात बशी. बशीत पिवळं, लाल, अन् मधी भाताचं शित. मह्या खाटंपाशीच्या स्टुलावर बसल्या.

"ही पूजा कुणी केली?"

"म्या," माय म्हनली. तिला वाटलं आता शाबासकी.

वाघमारे मास्तरला लगेच कळलं. त्यायनं मह्याकडं असं बघितलं, की टांगलेला पाय सुटला आसता तर पहिली लाथ मलाच.

बाईनं हळू आवाजात सांगितलं. ह्यात आता दह्यातले जंतू, हातावरचे जंतू, सगळ्यांची भेळ झालीय. जपून ठेवलेली नळी बी नेमकी आजच बाहेर काढली होती, नव्या औषधावर लावायला. ती बी गेली.

"मंग पुन्हा पू घ्या की," मी म्हनलं. "मह्याकडं काय कमी हाय?"

"वरच्या जखमेत आता सतरा उपरे घुसलेत. हाडाच्या आतला, खरा, ऑपरेशनच्या वेळी काढलेला होता. तो परत हवा तर हाड पुन्हा उघडावं लागेल. तुम्हाला एवढ्या तापात दुसऱ्यांदा भूल सर्जन देणार नाहीत. द्यायचीच झाली तर ते पाय काढायलाच देतील."

मायला हळूहळू कळायला लागलं. तिनं बशीकडं बघितलं, मह्याकडं बघितलं. "म्या पाय घालवला का रे तुहा?"

जन्मभर बडबडलेलं तोंड, अन् ज्या दिशी एक शबद पाहिजे होता त्या दिशी वाळलं. मायनं पदर तोंडाला लावला. मी म्हनलं, "न्हाई माय, म्या." तेवढं एक खरं बोललो.

बाई उठाया लागल्या, अन् पुन्हा बसल्या. मायला इचारलं, "आजी, तुमच्या घरचं विरजण बिघडलं, तर काय करता?"

माय डोळे पुसत म्हनली, "बिघडतंय कवा कवा. मंग शेजारनीकडून आनायचं."

"शेजारणीकडं कुठून आलेलं असतं?"

"मह्याकडूनच नेलेलं. मागल्या खेपंला तिचं बिघडलं तवा."

"मग ऐका. तुमच्या मुलाचा जंतू पेनिसिलिनला दाद देत नाही हे दिसलं, त्याच दिवशी मी त्यातला थोडा माझ्या मैत्रिणीकडं पाठवलाय. मुंबईला असते. असे हट्टी जंतू ती गावोगावच्या दवाखान्यांतून मागवून घेते, वाळवून बंद काचेत ठेवते. कुणाला लागला तर त्यातला परत देते. आणि आलेल्या प्रत्येकावर नवी औषधं लावून बघते."

मायनं इचारलं, "ती पूजा करत न्हाई ना?"

वाघमारे मास्तर हसले. मी सोडून समदे हसले. बाई बी. मला हसू येईना. दुसऱ्याची गंमत ऐकून कसं वाटतं, ते मला तवा कळलं. हेवा वाटला.

बाईनं तार केली. सर्जनकडं गेल्या. बाहेर दोघायचा आवाज चढला. सर्जन म्हनत होता, "तुमच्या काचेच्या कपाटासाठी मी माणूस मारू?" बाई म्हनल्या, "आणि तुम्ही उत्तर यायच्या आधी पाय कापणार?" मंग दोघं इंग्रजीत भांडले, म्हनजे खरं भांडन सुरू झालं. शेवटी सर्जन आत आला, मह्या कपाळाला हात लावला, अन् पहिल्यांदा मह्या तोंडाकडं बघून बोलला, "शनिवार सकाळ. त्यापुढं एक तास नाही."

सोयरा

ते दिवस कसे गेले ते सांगत न्हाई. वाट बघनारा मानूस काय करतो, भिंत बघतो. भिंतीवर बघन्यासारखं काई नव्हतं, पोपडे होते. मायनं भाकरी सोडली. मास्तरनं पेपर मोठ्यानं वाचायचं सोडलं. मी बोलायचं सोडलं, अन् वार्ड खरंच थोडा बरा दिसायला लागला.

शुक्रवारी दुपारी बाई आल्या त्या पळतच. मुंबईहून तार. औषधाचं नाव होतं तिच्यात. सर्जननं तार दोनदा वाचली. मंग म्हनला, "आणा." शहरात एका दुकानात निघालं. बाईनं स्वतः आनलं. दर सहा तासानं सुई, अन् ही सुई त्या कंपाउंडरच्या सुईसारखी लगेच नाचवनारी नव्हती. शनिवारी सकाळी सर्जन आला तवा ताप होता, पन उतरायच्या वाटंवर. त्यानं थर्मामीटर उजेडात धरला, झटकला, पुन्हा लावला. "बघू," म्हनला. त्या दिशी 'बघू' मला आवडला.

औषध आठवड्यांमागून आठवडे चाललं. मधी एकदा ठनका थांबला अन् मी म्हनलं, आता बास की. बाईनं स्टूल ओढलं, मायला हाक मारली, अन् मह्या समोर मायला सांगितलं, "आजी, हा औषध सोडायचं म्हणाला तर ह्याला बडवायचं." मायनं ते काम मनापासून केलं. ज्याच्या हाडात पू झालाय त्यानं एवढं ध्यानात ठेवावं. बरं वाटलं म्हंजे बरं झालं न्हाई. मही माय तुमच्याकडं पाठवता येत न्हाई, तुमची तुमी शोधा.

पाय वाचला. एक बोट आखूड झाला, गुडघा पुरा वाकत न्हाई. घमेलं उचलता येतं. मुकादम मह्या मागं लंगडत चालून मही नक्कल करायला लागला. बायका हसल्या. मही बायको सगळ्यात जास्ती.

पन घरी निघताना एक गोष्ट इचारायची राहून गेली म्हनून मी बाईच्या खोलीपाशी थांबलो. त्यायनं मला आत घेतलं, मायला न्हाई. मी इचारलं, "बाई, तुमच्या मैत्रिनीला औषध इतक्या लवकर कसं कळलं? महा जंतू तर नुकताच गेला होता."

"तुमच्या जंतूसारखाच एक तिच्या कपाटात आधीपासून होता. दुसऱ्या गावच्या दवाखान्यातून आलेला. दोघांना शेजारी ठेवून तपासलं, सख्खे भाऊच निघाले. त्या पहिल्याला कुठलं औषध मारतं ते तिनं शोधून ठेवलेलं होतं. मग तुमच्यावर तेच लावून खात्री केली."

"मंग तो मानूस? बरा झाला?"

बाई नळ्या लावत होत्या. हात थांबला न्हाई. "त्याच्यासाठी औषध शोधलं तेव्हा उशीर झाला होता. तो गेला."

"नाव काय त्याचं?"

"आमच्याकडं नाव येत नाही. जंतू येतो."

म्या काई गंमत सुचती का बघितलं. सुचली न्हाई. मंग म्हनलं, "बाई, महा जंतू ठिवा. जपून. मुंबईत ठिवा, इतं ठिवा, आनखी जितं कोन मागंल तितं द्या." बाई म्हनल्या, "ठेवलाय." अन् मी मायच्या खांद्याला धरून बाहेर पडलो.

आता लोकं अजून इचारतेत, लखू, कापायला काढलेला पाय वाचला कसा? मी म्हनतो, एका सोयऱ्यानं वाचवला. लगेच पुढचा सवाल, आमच्याकडं कोनी सोडत न्हाई, "कोन सोयरा? मायकडचा का बापाकडचा?"

मी म्हनतो, "पुवाकडचा."

ते हसतेत. त्यायला हसू देतो. त्याचं गाव म्हाईत आसतं तर तेराव्या दिवसाच्या भाकरीला तरी गेलो आसतो.